एका बाईच्या दोन ओळी

नांदेड-लातूर करून परतलो तेव्हा सोसायटीच्या फाटकातच शेजाऱ्यांनी गाठलं. गुरुद्वाऱ्यात गेलात का, लंगरमध्ये जेवलात का, गोदावरीला पाणी होतं का? तिन्ही प्रश्नांना मी हो म्हणालो आणि ते खरंही होतं. पण त्या प्रवासातला बराचसा वेळ मी कारागृहाच्या भिंतीशी, एका हरभऱ्याच्या शेतात आणि एका कचेरीबाहेरच्या बाकड्यावर काढला, हे त्यांना फाटकात उभ्या उभ्या सांगणं शक्य नव्हतं. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. म्हणून इथे सावकाश लिहितो.

मी पुण्यात कायदा शिकवतो. विषय दोन, फौजदारी न्यायव्यवस्था आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा. पहिल्याला मुलं गर्दी करतात, कारण त्यात खून असतात. दुसऱ्याला परीक्षेत काय येणार तेवढं विचारतात आणि जातात. नांदेडच्या एका विधी महाविद्यालयातले कलीम सर माझे जुने स्नेही. त्यांच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही वर्षभर एक संशोधन करत होतो. खटला निकाली लागण्याआधीच जे आत बसलेले असतात, त्या कच्च्या कैद्यांची माहिती मुलांनी नांदेड आणि लातूरला भेटी घेऊन गोळा करायची आणि मी पुण्यात बसून तिचा तक्ता करायचा, अशी वाटणी होती. कष्ट त्यांचे, तक्ता माझा.

हा तक्ता नुसता कपाटात जाणार नव्हता. नव्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. ज्याच्यावर पहिल्यांदाच आरोप आलाय असा कच्चा कैदी, गुन्हा फार गंभीर नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. अशांची नावं तपासणाऱ्या समितीची लातूरला शुक्रवारी बैठक होती आणि आमच्या तक्त्यातून निघालेली यादी तिथे जाणार होती. यादीत नाव नसलं तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं, म्हणजे आणखी तीन महिने. यादी मी आठवडाभर आधीच पाठवून मोकळा झालो होतो. प्रवासाला निघालो तो त्यामुळे जरा छाती काढूनच.

नांदेड, मंगळवार

सकाळी पाहुणेघरातल्या आचाऱ्याने दार वाजवून विचारलं, "सर, सुशीला आणू का?"

मी दार अर्धंच उघडलं होतं. ते आणखी थोडं लोटून घेतलं आणि म्हणालो, "कोण सुशीला?"

तो बिचारा गोंधळला. "गरम गरम हाय, सर. आत्ताच केली."

सुशीला हा चुरमुऱ्यांचा नाश्ता आहे, हे मला या वयात नांदेडला कळलं. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत कांदा-मिरची-शेंगदाण्यांबरोबर परततात आणि वर डाळ्याची पूड टाकतात. पोह्यांपेक्षा हलकी आणि तिखटाला बिनधास्त. मी दोन बशा खाल्ल्या. कलीम सर आले तेव्हा मी तिसरीचा विचार करत होतो. त्यांना दाराजवळचा प्रसंग सांगितला तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दिवसभर जो भेटेल त्याला ते सांगत राहिले, "सर सुशीलाला घाबरले, मियाँ!"

अकराला व्याख्यान होतं. विषय मी मुद्दाम निवडला होता, कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यासाठी एक छोटंसं कलम आहे, सगळ्यात कमी वाचलं जाणारं. मी रंगलो होतो. म्हणालो, "माणसाला नंबर देऊन ओळखणं हा तुरुंगाचा जुना रोग आहे. म्हणून आपल्या तक्त्यातून मी गुन्ह्याचा नंबर काढून टाकला. आपल्या तक्त्यात प्रत्येक माणूस नावाने उभा आहे." टाळ्या पडल्या. पुण्यात या वाक्याला टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे मी जास्तच सुखावलो.

सभागृहाबाहेर पायरीवर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, नेसूचं लुगडं स्वच्छ, पायात प्लास्टिकच्या चपला, मांडीवर पिशवी. त्यांचं नाव गयाबाई, मुखेडकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मुलांनी त्यांच्या लेकीची इथल्या कारागृहात मुलाखत घेतली होती. लेकीवर चोरीचा आरोप होता. औशाच्या आठवडी बाजारात एका बाईच्या गळ्यातली बोरमाळ गेली आणि शेजारी उभी असलेली ही सापडली. माळ काही सापडली नाही. खटला लातूरचा, पण तेव्हा तिथल्या बायकांच्या बराकीचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून हिला नांदेडला ठेवलं होतं.

"सर, माजी लेक कुठं हाय ते सांगा," गयाबाई म्हणाल्या. "हितं गेले तं म्हणले, लातूरला नेली. लातूरला गेले तं म्हणले, ह्या नावाची बाई हितं न्हाई. दोनदा जाऊन आले. मंग कुठं हाय ती?"

"नाव काय मुलीचं?"

"कालिंदा."

मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तिथेच पायरीवर बसून तक्ता उघडला. कालिंदाची ओळ सापडली. नांदेडला पाच महिने, मग पुढचे रकाने कोरे. अशा कोऱ्या ओळींपुढे मी एक शेरा ठरवून घेतला होता, 'बहुधा सुटका'. तोच तिथे होता. मी मान वर करून अगदी प्रसन्नपणे म्हणालो, "मावशी, काळजी करू नका. तुमची मुलगी सुटली असणार."

गयाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सुटली तं घरी का न्हाई आली?"

सासरी गेली असेल, असं मी पुटपुटलो. तर त्या एकदम तडकल्या. "कोणतं सासर? तिला टाकून दुसरी करून आणली त्यानं. त्या घराचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. माजी लेक सुटली अस्ती तं चालत आली अस्ती मुखेडपत्तोर. मेली बिली तं न्हाई ना, सर? तसं अस्लं तं तसं सांगा."

कलीम सरांनी त्यांना आत नेलं, चहा दिला, फोन नंबर लिहून घेतला. संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो, गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, पंगतीत बसून डाळ-रोटी जेवलो. सगळं सुंदर होतं आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. ती बाई 'मेली असली तर तसं सांगा' म्हणाली होती आणि मी तिला 'बहुधा सुटका' असं सांगून बसलो होतो. मला माझीच लाज वाटत होती.

लातूर, बुधवार

लातूरला माझ्याबरोबर प्रज्ञा होती. कलीम सरांची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, मूळची औशाची, लातूरच्या सगळ्या मुलाखती तिनेच घेतलेल्या. वडील एसटीत वाहक, त्यामुळे कोणत्या गाडीत कोणत्या खिडकीजवळ ऊन येत नाही, हे तिला तोंडपाठ. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यात हिरवागार हरभरा, पिवळी करडई, मध्येच उभ्या तुरीच्या ओळी. डिसेंबरात आमच्याकडे माणसं ऊन शोधत फिरतात, इथे सकाळी अकरालाच सावली शोधत होती. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेतला. इतका गोड की कपात चमचा उभा राहिला असता. प्रज्ञा म्हणाली, "सर, हा कमी साखरेचा सांगितला व्हता."

दुपारी तीनला आम्ही कारागृहात पोचलो. परवानगीचे कागद, मोबाईल जमा, नोंदवहीत सही, हे सगळं झाल्यावर बायकांच्या विभागात एका खोलीत बसवलं. मला तक्त्यातल्या काही जणींशी बोलून नोंदी पडताळायच्या होत्या. दोघी-तिघी झाल्या. चौथ्या कागदावर नाव होतं सुनीता. आठ महिने आत. शेरा प्रज्ञाच्या अक्षरात, 'ऐकायला कमी येतं. तपासणीची गरज.'

पहाऱ्यावरच्या बाईंनी दारातून हाक मारली, "सुनीता!" अंगणात पाच-सहा बायका धान्य निवडत बसल्या होत्या. कुणी मान वर केली नाही. "ए सुनीता!" काही नाही. तिसऱ्या हाकेला शेजारणीने कोपर मारलं तेव्हा एक तिशीची बाई दचकून उठली.

"भैरी हाय ती," पहारेकरीण बाई म्हणाल्या. "सोभावानं गरीब हाय, पण भैरी."

ती आत येऊन खाली मान घालून बसली. प्रज्ञाने मोठ्यांदा, एकेक शब्द तोडून नाव-गाव विचारलं. ती तुटक उत्तरं देत होती. मी कागद चाळत होतो, पण डोक्यात गयाबाईच होत्या. न राहवून प्रज्ञाच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणालो, "इथलं आटोपलं की त्या कालिंदाचं काय झालं ते कचेरीत विचारू."

समोरच्या बाईने झटक्यात मान वर केली.

"काय म्हणलाव?" ती म्हणाली. "कालिंदा म्हणलाव ना?"

जिला तीन हाका ऐकू आल्या नव्हत्या, तिने माझी कुजबुज ऐकली होती.

"मीच की कालिंदा," ती म्हणाली. "म्हायेरची. लग्नात सुनीता ठिवलं त्यायनं. दोन वर्सं नांदवलं न् हाकलून देलं. नंतर कुणी सुनीता म्हणलंच न्हाई, मी बी इसरले. हितं आल्यावर ह्यांच्या कागदावर पुन्हा सुनीता. हाक आली की मला वाटतंय दुसऱ्याच कुणाला बोलवून राहिले." मग एकदम आवाज बारीक करून तिने विचारलं, "सर, माजी आई आली व्हती काय? आठ म्हैने झाले, भेटाय आली न्हाई. राग धरला काय तिनं?"

आई दोनदा दाराशी येऊन गेली, हे मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडात धरला आणि ती रडू लागली, आणि पहारेकरीण बाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाहेर आल्यावर फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून आम्ही सगळं जुळवलं. पकडली तेव्हा तिच्याकडे आधार कार्ड होतं, ते माहेरच्या नावाचं. त्यावरून नांदेडला 'कालिंदा' लिहिलं गेलं. पुढे दोषारोपपत्र तयार झालं ते औशाजवळच्या तिच्या सासरच्या गावातल्या साक्षीदारांवरून आणि रेशनकार्डावरून, त्यात 'सुनीता'. लातूरला आली ती त्या कागदाबरोबर. दोन्हीकडच्या लोकांनी समोरच्या कागदावर होतं तेच लिहिलं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं.

चूक झाली होती माझ्या तक्त्यात. चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे एक तृतीयांश झालं एक वर्ष. कालिंदाच्या ओळीत पाच महिने, ती बाद. सुनीताच्या ओळीत आठ महिने, तीही बाद. दोन्ही मिळून तेरा महिने होत होते, पण माझ्या तक्त्यात त्या दोन वेगळ्या बायका होत्या आणि शुक्रवारच्या यादीत दोघींपैकी एकीचंही नाव नव्हतं. मुलांना मी बजावून सांगितलं होतं, कागदावर आहे तसंच उतरवा, आपली अक्कल घालू नका. प्रज्ञाने सौजन्याने मला याची आठवण करून दिली नाही.

रात्री पुण्याला फोन केला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर काय नाव आहे, सांग बरं?"

मला आठवेना. आडनाव सांगितलं, ते बरोबर होतं. पहिलं नाव चुकलं.

"आणि तू ओळखलं जाण्याच्या हक्कावर व्याख्यानं देतोस," ती म्हणाली आणि हसायला लागली. तिचं हसणं ऐकून मलाही जरा बरं वाटलं.

मुरुडकडचं एक शेत, गुरुवार

सकाळी साडेनऊला आम्ही लातूरच्या कायदेशीर मदत केंद्राच्या दारात हजर. यादी तपासून समितीपुढे ठेवणारे लिपिक देशमाने तिथे बसायचे. दाराला कुलूप होतं. शेजारच्या कचेरीला कुलूप, चहाच्या टपरीला कुलूप. रस्त्यावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. लातूर म्हणजे डाळमिलचे ट्रक, शिकवण्यांना धावणारी हजारो पोरं, रिक्षांचा कलकलाट, असं मी ऐकून होतो. शहर उचलून कुणी दुसरीकडे नेऊन ठेवलंय की काय असं वाटलं.

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. "सर, आज येळवस! माझ्या बी ध्यानात न्हाई राहिलं."

वेळ अमावस्या. या भागात त्या दिवशी अख्खा जिल्हा आपापल्या शेतात जाऊन जेवतो. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात जातो. आमच्याकडे दिवाळीलाही गाव इतकं रिकामं होत नाही. देशमानेंचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला बैठक. माझं डोकं तापलं. मी बैठकीची तारीख ठरवणाऱ्यांपासून अमावस्येपर्यंत सगळ्यांना बोल लावून घेतले. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "त्यांचं रान मुरुडच्या अलीकडं हाय. गाडी आणते."

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी निघालो. रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतात माणसं होती. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोपी, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पुढे मडकी, आणि ज्वारीच्या ताटांमधून हसण्याचे आवाज. देशमानेंचं रान विचारायला थांबलो की अडचण व्हायची. त्या दिवशी बांधावर आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. पहिल्या ठिकाणी मी नको नको म्हणत होतो, तर एका आजोबांनी माझा हातच धरला. "देशमान्याकडं जा की, कोण अडवून राहिलंय? अंबील पिऊन जा." दुसऱ्या ठिकाणी तिळाची पोळी. तिसऱ्या ठिकाणी निघण्याच्या घाईत मी पाणी सोडलेल्या सरीत पाय घातला आणि सरळ बसलोच. काळी माती पँटीला अशी चिकटली की उठायला दोघांचे हात लागले. ते दोघे जण माझ्यापेक्षा जास्त हळहळले आणि त्यांनी मला हरभऱ्याचा डहाळा दिला.

देशमाने खोपीशेजारी बनियनवर बसले होते, खांद्यावर टॉवेल. मला चिखलासकट बघून उभेच राहिले. "सर, तुमी? आन् हिकडं?"

"काम आहे. आजच्या आज."

"आज न्हाई. आज कुणाचंच काम न्हाई. आधी बसा."

मी बोलायला तोंड उघडलं तर पुढे ताट आलं. बाजरीची भाकरी, वर भज्जी. कसल्या कसल्या शेंगा, दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेलं ते घट्ट, आंबटसर, तिखट प्रकरण. सोबत मडक्यातली थंड अंबील, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची. दोन शेतांत खाऊन आलेला माणूस मी, तरी ताट चाटूनपुसून रिकामं केलं. पोटात अन्न गेल्यावर आवाज खाली आला आणि मग मी नीट सांगू शकलो.

देशमानेंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ती बाई खरं बोलून राहिली, हे मला पटलं. समितीला कागद लागतो. तुमच्या तक्त्यात गुन्हा नंबर कुठं हाय? त्यो असता तं दोन ओळी आपोआप शेजारी आल्या असत्या."

"काढला मी तो."

"का बरं?"

मी त्यांना सांगितलं. माणसाला नंबराने ओळखू नये, नावाने ओळखावं. मंगळवारी टाळ्या घेतलेलं वाक्य त्या बांधावर फारच केविलवाणं वाटलं.

ते हसले नाहीत. "चांगलं हाय ते, सर. पर बाईचं नाव लग्नात बदलतंय. दवाखान्यात कंपाउंडर त्याच्या मनानं लिवतो. बँकेत तिसरंच असतंय. गुन्हा नंबर तेवढा कुणी बदलत न्हाई."

त्यांच्या पत्नी भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझंच बगा. ह्यायनी सरोज ठिवलं, तीस वर्सं झाली. अजून बाजारात कुणी कुणाला शेवंता म्हणून हाक मारली की मी वळून बघते."

देशमानेंनी बायकोकडे जरा चमकून बघितलं. हे त्यांनाही नवीन असावं.

लातूरच्या मूळ कागदाचा फोटो प्रज्ञाच्या फोनमध्ये होता, त्यावर गुन्हा नंबर होता. नांदेडचा कागद कलीम सरांकडे. पण शेतात रेंज नाही. प्रज्ञा विहिरीच्या कठड्यावर चढली, हात उंच धरून उभी राहिली, मी खाली तिची ओढणी धरून घाबरत उभा. दहा मिनिटांनी ती ओरडली, "आला, सर!" आणि नंबर मोठ्याने वाचला. देशमाने खाली बसून, फोटोवरून आधीच उतरवून घेतलेला लातूरचा नंबर वाचत होते. आकडे एकामागून एक जुळत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मी चिखलाच्या पँटीनिशी त्या माणसाला मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या बनियनचं काय झालं ते मी बघितलं नाही.

"उद्या आठला कचेरी उघडतो," ते म्हणाले. "दोन्ही कागद जोडू. नाव लिहू, कालिंदा ऊर्फ सुनीता."

"ऊर्फ नको हो," मी म्हणालो. "ते गुंडांना लावतात."

प्रज्ञा कठड्यावरून उतरत होती. म्हणाली, "मंग लग्न झालेल्या समद्या बायका ऊर्फच की, सर."

लातूर, शुक्रवार

पँट रात्री धुतली होती, ती वाळली नव्हती. मी ओल्या पँटीत समितीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसलो. अकरा वाजता दार बंद झालं. आत आम्हाला प्रवेश नव्हता. गयाबाई मुखेडहून पहिल्या गाडीने आल्या होत्या. कलीम सरांनी बुधवारीच त्यांना फोनवर सांगितलं होतं की लेक जिवंत आहे, लातूरलाच आहे. त्या माझ्या शेजारी बसल्या. मंगळवारी मी काय सांगितलं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या, आणि मी माफी मागितली तेव्हा फक्त "हाव" म्हणाल्या.

वेळ जाईना. मी प्रज्ञाकडे नाव बदलण्याच्या एकूण प्रथेवर चिडचिड करत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर, माझ्या आजोबांचं नाव कचरू व्हतं. आम्ही बौद्ध झालो तवा पणजोबांनी त्यांना शाळेत गौतम म्हणून घातलं. आजोबा मरेपर्यंत ते नाव सही करून करून दाखवायचे. आमच्यात नाव बदललं म्हणून माणूस उभा राहिला. कोण बदलतंय, ते बघायचं." एवढ्या वर्षांत वर्गात हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पाऊण वाजता देशमाने बाहेर आले. लांबूनच बोलले, "घेतलं." मग जवळ येऊन नीट सांगितलं, समितीने शिफारस केली, आता न्यायालयाचा आदेश निघेल, आठवडा लागेल. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. गयाबाईंनी पिशवीतून गाठोडं काढून मला बोरं दिली. मी ती तिथेच खाल्ली.

दुपारी मी त्यांना भेटीच्या खिडकीशी सोडायला गेलो. आतून विचारलं, कुणाला भेटायचंय? मला वाटलं, या आता 'कालिंदा'च म्हणून अडून बसणार. पण गयाबाई लगेच म्हणाल्या, "सुनीता." मी बघत राहिलो तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय बघताव? लेक दिसत अस्ली तं मी कायबी म्हणीन."

पुणे

घरी येऊन मी पहिल्यांदा तक्त्यात गुन्हा नंबराचा रकाना परत घातला आणि वर्षभराच्या सगळ्या ओळी त्यावर जुळवून बघितल्या. आणखी कुणी दोनदा नव्हतं. तेव्हा कुठे झोप लागली. 'बहुधा सुटका' हा शेराही काढून टाकला. जिथे माहीत नाही तिथे आता 'माहीत नाही' असं लिहिलंय.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तासाला निघालो होतो, जिन्यात फोन वाजला. प्रज्ञा होती, मुखेडकडून. काल संध्याकाळी कालिंदा सुटली, प्रज्ञा स्वतः तिला गावापर्यंत सोडायला गेली होती. "बोला, सर, मावशींशी," म्हणून तिने फोन दिला.

मी विचारलं, "मावशी, कालिंदा कशी आहे? जरा बोलू का तिच्याशी?"

"आत्ता न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "न्हाऊन राहिली. दोन घागरी झाल्या, तिसरी चुलीवर ठिवलीय. बोलंल मागून. आदी न्हाऊ द्या तिला."